काठोकाठ

तात्या कुणाच्याही घरी गेले की आधी चप्पल काढायचे आणि लगेच नळ उघडायचे. बसायच्याही आधी. यजमान "या, या" म्हणत असतानाच ते सरळ बेसिनपाशी जायचे, नळ पूर्ण फिरवायचे आणि कमरेवर हात ठेवून धारेकडे बघत उभे राहायचे. हात धुवायचे नसायचे. ते प्रेशर बघत असायचे. मग तोंड वळवून गप्पा सुरू करायचे, आणि नळ तसाच वाहत. बंद करायचं काम मागून येणाऱ्या कुणाचं तरी. बहुतेक वेळा माझं.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमचं मूळ गाव पनवेलच्या खाडीला लागून, मिठागरांचं. जमिनी गेल्या, मोबदला आला, आणि ज्या वयात लोक निवृत्तीचा विचार करतात त्या वयात तात्या बिल्डर झाले. पनवेलमध्ये त्यांच्या सहा इमारती आहेत. प्रत्येकीच्या फलकावर त्यांच्या नावाच्या वर, नावापेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं: चोवीस तास पाणी. तिसऱ्या इमारतीत ते दोन तास यायचं. उरलेले बावीस तास कुठे गेले हे विचारायला कुणी घरी आलं की तात्या त्याला आधी पाणी द्यायचे. काठोकाठ भरलेला पेला.

त्या पेल्याचा एक नियम होता. त्यांच्या घरी पाहुण्याला पाणी द्यायचं ते काठाला टेकलेलं. कामवाल्या मावशींनी एकदा बोटभर कमी भरलं, तर पाहुण्यांसमोर ट्रे परत पाठवला. "आपल्या घरात अर्धा पेला देत नाय," ते म्हणाले. मावशींना सांगितलं आणि पाहुण्यांना ऐकवलं. पाहुणा दोन घोट घ्यायचा, बाकीचं सिंकमध्ये जायचं. ते जातानाचा आवाज तात्यांना आवडत असावा. तो आला की ते पाय पसरून बसायचे.

दुसऱ्याच्या घरात मात्र हे सगळं उलटं चालायचं. मी एका शाळेचं कार्यालय सांभाळते. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी बरीच वर्षं भाड्याने काढून शेवटी कामोठ्याला दोन खोल्या घेतल्या. वास्तुशांतीला मी तात्यांना नेलं, कारण बाईंनीच आग्रह केला होता. मोठा माणूस येतोय म्हणून त्यांनी चटईवर नवी चादर घातली होती. तात्या आत गेले, नळ फिरवला. बारीक धार आली.

"नळ हाय की सर्दी झालेलं नाक?" तात्या म्हणाले.

सगळे हसले. बाईही हसल्या. त्यानंतर महिनाभर त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या, आणि त्यांचं काहीच चुकलं नाही.

तात्यांचा भूगोल सोपा होता. पनवेल, आणि बाकीचं. न्हावा शेव्याहून निघालेले कंटेनर त्यांच्या गॅलरीतून दिसायचे. ते बोटाने दाखवायचे आणि म्हणायचे, "बघ, सगळा देश आमच्या दारावरून जातो." घाटापलीकडे माणसं का राहतात हा त्यांना पडलेला खरा प्रश्न होता. पुणं त्यांना चालायचं, हॉटेलांपुरतं. त्याच्या पुढचं सगळं त्यांच्या लेखी एकच गाव होतं, आणि त्या गावाचं नाव होतं "तिकडं".

त्यांच्या एकुलत्या एका मुलीने नेमकं तिकडं लग्न ठरवलं.

जयू माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. फिजिओथेरपी शिकली आणि पनवेलच्याच एका इस्पितळात लागली. तिथल्या औषधाच्या दुकानात अविनाश होता. दोन वर्षं तिथे काम करून तो आपल्या गावी परत गेला, एसटी स्टँडसमोर स्वतःचं मेडिकल टाकायला. गाव माणदेशातलं, बोरसर नावाचं. जयू सुट्टी काढून एकदा तिथे जाऊनही आली होती, हे फक्त मला ठाऊक होतं. ती मला म्हणाली, "ताई, तिथे इतकं शांत आहे की स्वतःचं बोलणं ऐकू येतं. आणि मला माझं बोलणं आवडलं."

तिची आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. घरात ती आणि तात्या. तिने स्वतःच एक अट घालून घेतली: तात्या "हो" म्हणाले तरच. मी तिला तेव्हाच सांगायला हवं होतं की असल्या अटी असल्या माणसांवर घालू नयेत. त्याऐवजी मी विचारलं, जायचं कधी, आणि वही काढली.

ती वही अजून आहे. गाड्या तीन. माणसं अकरा. तात्यांच्या गोळ्या, सकाळच्या आणि दुपारच्या वेगळ्या डब्यांत. नारळ पाच. पेढे. गुरुजींना, म्हणजे अविनाशच्या वडिलांना, शाल. बाटलीबंद पाण्याचे खोके दोन. हा आकडा तात्यांनी खोडून स्वतःच्या हाताने सहा केला. टोप्या, असं मी लिहिलं होतं, त्यापुढे त्यांचं अक्षर: नको, आमी काय शेतात चाललोय.

मे महिना होता. फलटण सोडल्यावर रस्त्याकडेची झाडं विरळ झाली आणि तात्या बोलायला लागले. मी त्यांच्याच गाडीत होते. पुढे ड्रायव्हर आणि तात्या, मागे जयू, मी आणि माझे वडील. उजाड माळ दिसला की तात्या म्हणायचे, "फोटो काढ ग, जयू, सासरचा." मेंढरं दिसली की, "तुझ्या जावा बघ." जयू खिडकीबाहेर बघत हसत होती. तिला वाटत होतं ते थट्टेत आहेत. थट्टेतच होते. तात्यांनी आयुष्यात जे काही मोडलं ते थट्टेतच मोडलं.

बोरसरला पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. स्टँडवर एक एसटी उभी होती आणि तिच्या सावलीत कंडक्टर झोपला होता. दुकानांची दारं अर्धी ओढलेली. उन्हाने रस्ता पांढरा पडलेला, आणि गाडीचं दार लावल्याचा आवाज गावभर गेला असावा. आम्ही अकरा जण उतरलो तसं आम्हाला आपोआपच हळू बोलावंसं वाटलं. तात्यांना नाही.

गुरुजी रस्त्यापर्यंत घ्यायला आले होते. सडसडीत, टोपी, पायात जुन्या वहाणा. तात्यांनी चारी बाजूंना बघून घेतलं आणि त्यांना विचारलं, "गाव झोपलंय की मेलंय?"

"झोपलंय," गुरुजी म्हणाले. "पाचाला उठतंय. तुमी बी जरा पडा, मग दाखवतो."

मला तो माणूस तिथेच आवडला.

घर बैठं, पुढे अंगण, अंगणात कडुलिंब. त्या सावलीत सतरंज्या घातल्या होत्या आणि कुणाकडून तरी मागून आणलेला टेबलफॅन वायर ओढून लावला होता, त्याचं तोंड तात्यांच्या खुर्चीकडे. कोपऱ्यात ओळीने भांडी: दोन पिंपं, हंडे, कळश्या, घागरी, सगळ्यांवर झाकणं, झाकणांवर दगड. त्यांच्या बाजूला भिंतीतून आलेला एक नळ.

तात्यांनी चप्पल काढली आणि नळाकडे गेले. मी डोळे मिटून घेतले. नळ फिरला, आतून थोडी हवा आली आणि थांबली.

"पाणी नाय?"

"मंगळवारी येतंय," गुरुजी म्हणाले.

"आज काय वार?"

"बुधवार."

तात्यांनी आमच्याकडे वळून दोन्ही हात पसरले, आता तुम्हीच बघा अशा अर्थाने. नळ त्यांनी उघडाच ठेवला. गुरुजींनी येऊन तो बंद केला, सावकाश, पुढच्या मंगळवारचं पाणी अंगणात जाऊ नये म्हणून.

मग अविनाशची आई ट्रे घेऊन बाहेर आली. तिला सगळे आक्का म्हणत. ट्रेमध्ये अकरा पेले, घासून लख्ख केलेले, आणि एका ताटलीत गुळाचे खडे. पेले सगळे निम्मे भरलेले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे यावरच सगळं गेलं. ते चुकून निम्मे नव्हते. अकराही पेल्यांत पाणी एकाच रेषेला होतं. आणि आक्कांच्या मागोमाग अविनाश भरलेली कळशी आणि तांब्या घेऊन उभा होता.

"घ्या," आक्का म्हणाल्या. "लागंल तसं मागून घ्या, पावनं."

त्यांच्याकडची रीतच ती. पेला अर्धा द्यायचा, तहान असेल तितक्या वेळा परत भरायचा. उष्टं म्हणून एक घोटही फेकावा लागू नये एवढंच त्यात होतं. जयूला ते ठाऊक होतं. तिने पेला घेतला, गूळ तोंडात टाकला, पाणी संपवलं आणि पेला पुढे केला. "अजून द्या." आक्कांचा चेहरा असा खुलला, जणू तिने दागिना मागितला आणि तो यांच्याकडे होता. अविनाशने ओतलं. परत अर्धा. तिने तोही संपवला.

तात्यांनी आपला पेला उचलून डोळ्यांसमोर धरला, बल्बमधली तार बघतात तसा. मग माझ्या वडिलांना दाखवला. मग न पिता ट्रेमध्ये ठेवला.

"ड्रायव्हरला सांग, खोका आण," ते मला म्हणाले.

मी सांगितलं. याद्या करणारी माणसं सांगितलेलं काम आधी करतात आणि विचार नंतर.

खोका आला. तात्यांनी एक बाटली फोडून दोन घोट घेतले आणि उरलेल्या पाण्याने अंगणाच्या कडेला उभं राहून हात धुतले. दुसरी फोडून तोंड धुतलं. तिसरी मानेवर ओतली. पाणी तापलेल्या फरशीवरून धावत निघालं. शेजारच्या ओट्यावर दोन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या पाण्याकडे बघत होत्या, तात्यांकडे नाही. चौथी बाटली उघडली तेव्हा आक्का पुढे झाल्या आणि त्यांनी पायाने एक घमेलं सरकवत नेमकं त्यांच्या हातांखाली आणलं. त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. पाणी सांडतंय, खाली भांडं ठेवावं, इतकंच.

तात्या थांबले. "माझं खरकटं पाणी साठवताय?"

"शेरडाला व्हईल," आक्का म्हणाल्या.

आमच्यातलं कुणीतरी फिस्सकन हसलं. तात्यांना वाटलं ते त्यांना हसलं. त्यांनी बाटली घमेल्याबाहेर, मातीत रिकामी केली. शेवटच्या थेंबापर्यंत, बाटली दाबून.

जेवण झालं. बाजरीची भाकरी, मटकी, शेंगदाण्याची चटणी, आमच्यासाठी मुद्दाम भात. गुरुजी पाचाला गाव दाखवणार होते. तात्या साडेतीनला उठले. अविनाश गाडीपर्यंत आला. "दुकान जाता जाता बघून जा, काका," तो म्हणाला. "रस्त्यातच आहे." तात्यांनी काच वर केली. दुकान खरंच रस्त्यातच होतं. शटरवरची पाटी नवी होती, आणि तिच्यावर नावाच्या बाजूला एक जागा कोरी सोडलेली होती. तिथे काय यायचं होतं ते जयूने मला पूर्वीच सांगितलं होतं: फिजिओथेरपी, सकाळी दहा ते एक.

फलटणच्या अलीकडे एका हॉटेलात चहाला थांबलो. तात्यांनी तिथला नळ उघडून बघितला, समाधानाने परत आले, आणि बसल्या बसल्या म्हणाले, "ज्या घरात पाणी मोजून देतात, त्या घरात आमची पोर नाय जायची."

"मोजून नव्हतं दिलं, तात्या," जयू म्हणाली. "मी दोनदा घेतलं."

"मागून घेतलंस. माझ्या पोरीनं पाणी मागायचं?"

ती अजून काही बोलेल असं वाटलं. तिने एकेकाकडे बघितलं. आम्ही सगळे बशांमध्ये चहा ओतत होतो. आम्हा उरलेल्या नऊ जणांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. त्या यादीत मी नवव्या नंबरवर आहे.

रात्री उशिरा पनवेलला पोचलो. तात्या उतरल्यावर माझे वडील गाडीत तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "आमची आई गोड्या पाण्याला दीड कोस जायची, डोक्यावर दोन हंडे. मिठागरावर सगळं खारट. दादा थोरला, तिच्याबरोबर तोच जायचा." आणि दार उघडताना, "आमच्याकडं पण अर्धाच पेला देत. दादाच वाटायचा."

तोपर्यंत मी तात्यांना अडाणी समजत होते आणि अडाणी माणसाला बरंच माफ करता येतं. त्यांना त्या पेल्यातलं काही कळलं नाही असं मी धरून चालले होते. त्यांना सगळं कळलं होतं. अंगणातल्या अकरा माणसांत त्यांच्याइतकं कुणालाच कळलं नव्हतं. आपल्या पोरीला पुन्हा हंड्याखाली घालायचं नाही असंही त्यांच्या मनात असेल. माझे वडील तसंच म्हणायचे. मला ते पटत नाही. तसं असतं तर त्यांनी पाणी मातीत ओतलं नसतं.

अविनाश वर्षभर थांबला, मग त्याने लग्न केलं. जयूने नाही केलं. तात्यांनी तिला पुढे सात स्थळं दाखवली, सगळी घाटाच्या अलीकडची. ती प्रत्येक वेळी नीट साडी नेसून बाहेर यायची आणि प्रत्येक वेळी "नको" म्हणायची, कारण न देता. सातव्यानंतर स्थळं आपोआप थांबली.

किस्सा मात्र थांबला नाही. लग्न, बारसं, पूजा, कुठेही चार माणसं जमली की तात्या बोरसरची गोष्ट सांगायचे. पहिल्या वर्षी पेला अर्धा होता. नंतर पाव झाला. पुढे "तळाशी दोन चमचे" झालं. पेला दर वर्षी रिकामा होत गेला. आक्कांचं घमेलंही बदललं. शेवटी शेवटी ते पाणी शेरडाला न जाता पाहुण्यांनाच गाळून दिलं जात होतं. "बुधवार" या शब्दाला ते थांबायचे आणि हशा येऊ द्यायचे. जयू घरात असली तरी सांगायचे. ती सरबताचे ग्लास भरत असायची, काठोकाठ.

आता तात्या अठ्ठ्याहत्तरचे आहेत. सहाव्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर राहतात. कंटेनर अजून दिसतात, पण ते बोट दाखवत नाहीत, कारण बोट एका जागी राहत नाही. दोन्ही हात थरथरतात. कुणाच्या घरी जाणं बंद, त्यामुळे पनवेलमधले नळ सुटले. जयूचं खालच्याच मजल्यावर स्वतःचं क्लिनिक आहे. असे हात असलेली बरीच माणसं तिच्याकडे येतात. बटण कसं लावायचं, चमचा कसा धरायचा, ती त्यांना तासन्‌तास शिकवते, आणि घरच्यांसाठी सूचनांचा कागद देते. तो कागद मीच टाइप करून दिला होता, म्हणून मला पाठ आहे. तिसरी सूचना: पाणी देताना पेला अर्धाच भरावा.

गेल्या महिन्यात माझ्या मुलाच्या साखरपुड्याचं बोलावणं करायला मी गेले. दुपारची वेळ होती. तात्या खुर्चीत, पांढरा सदरा, इस्त्रीचा. जयू तेवढ्यात वर आली होती. मी आमंत्रितांची यादी काढून त्यांना वाचून दाखवत होते, कारण नावं गाळली की ते चिडतात. मध्येच ते म्हणाले, "जयू, पाणी दे ग. मला अर्धा."

ती आतून ट्रे घेऊन आली. भरलेला पेला नेताना माणूस पेल्याकडे बघत चालतो तशी, हळू. माझ्यापुढे एक पेला ठेवला, निम्मा. "लागेल तसं मागून घे, ताई," ती म्हणाली. दुसरा तात्यांच्या समोरच्या स्टुलावर ठेवला. त्यात पाणी काठाच्याही किंचित वर आलं होतं आणि तरी ट्रेमध्ये एक थेंब नव्हता. तिचा हात चांगला स्थिर आहे.

तात्यांनी पेल्याकडे बघितलं. "अर्धा सांगितला होता."

"आपल्या घरात अर्धा पेला देत नाय, तात्या."

ती हे रागाने म्हणाली नाही. रोज म्हणते तशी म्हणाली. कपाटाच्या मुठीवर टांगलेला नॅपकिन तिने काढला, घडी मोडली आणि खुर्चीच्या बाजूला उभी राहिली.

मी यादीत मान घातली. तात्यांनी दोन्ही हातांनी पेला उचलला. पाणी मनगटांवरून सदऱ्याच्या बाहीत गेलं, मग छातीवर, मग मांडीवर. तिने पुसायची घाई केली नाही. पेला निम्मा रिकामा झाल्यावर मग त्यांना तो नीट धरता आला, आणि ते प्यायले.